दीर म्हणतात पुरावा नाही, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"मी ३९ वर्षांची, सांगलीजवळ एका शाळेत शिकवते. आई ५२व्या वर्षी ओव्हरीच्या कॅन्सरने गेली. मोठ्या मावशीला चाळिशीत स्तनाचा कॅन्सर झाला होता. तिच्या तपासणीत बीआरसीए-१ जनुकात दोष निघाला, म्हणून माझीही तपासणी केली. माझ्यातही तोच दोष आहे. डॉक्टर म्हणतात, चाळिशी उलटायच्या आत दोन्ही ओव्हरी आणि गर्भाशयाच्या नळ्या काढून घ्या. ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका जवळजवळ जाईल, स्तनाच्या कॅन्सरचाही निम्मा होईल, मग दरवर्षी एमआरआयच्या खर्चात पडायला नको. माझे धाकटे दीर पुण्यात डेटाचं काम करतात. त्यांनी पेपर काढून वाचले आणि म्हणाले, 'वहिनी, यातला एकही अभ्यास रँडमाइज्ड नाही. सगळे ऑब्झर्व्हेशनल. म्हणजे पुरावा नाहीच.' मी कुणाचं ऐकू? मावसबहिणीत घराण्यातला दोष निघाला नाही, पण बीआरसीए-२ या दुसऱ्या जनुकात 'व्हीयूएस' असं काहीतरी आलंय. तिलाही ऑपरेशन लागेल का? हॉस्पिटलने रजिस्ट्रीत नाव घालायचा फॉर्म दिलाय, सही करू का? मुलगी चौदाची आहे, तिचीही तपासणी करून टाका असं सासूबाई म्हणतात. भाऊ आहे, पण तो पुरुष, त्याला यात ओढलेलं नाही."

उत्तर:

डॉक्टरांचं निम्मं बरोबर आहे आणि दिरांचंही निम्मं बरोबर आहे. ओव्हरी आणि नळ्या काढण्याबद्दल मी तुमच्या जागी असते तर डॉक्टरांचं ऐकलं असतं. त्याने स्तनाचा कॅन्सर निम्मा होईल, एमआरआय नको, हे मात्र ऐकलं नसतं. तिथे दिरांची शंका कामाची आहे, फक्त ती त्यांनी चुकीच्या जागी लावली. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तारीख-वार तुमच्या डॉक्टरांशी आणि जेनेटिक काउन्सेलरशी बोलूनच ठरवा. मी पुराव्याबद्दल बोलते, कारण तुमची अडचण तिथे आहे.

दिरांपासून सुरुवात करू. रँडमाइज्ड चाचणीत कुणाला उपचार मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरतं. त्यामुळे वय, पैसा, तब्येत, स्वतःची काळजी घ्यायची सवय अशा सगळ्या बाबतींत दोन्ही गट साधारण सारखे होतात आणि शेवटी जो फरक दिसतो तो उपचाराचाच असं म्हणता येतं. औषध पारखायला याहून चांगली रीत मला माहीत नाही. पण आता असं समजा, की तुमच्यासारख्या काही हजार बायकांना बोलावून सांगितलं: चिठ्ठीत 'अ' आलं तर ओव्हरी काढू, 'ब' आलं तर वीस वर्षं ठेवून काय होतं ते बघू. तुम्ही गेला असता? आईला जाताना पाहिलेली कुठलीही मुलगी जाणार नाही. कुठलीही नीतिसमिती अशी चाचणी मंजूर करणार नाही. या प्रश्नावर चिठ्ठीचा पुरावा आज नाही आणि उद्याही येणार नाही. मग राहतं ते एवढंच, की ज्यांनी स्वतःहून ऑपरेशन करून घेतलं आणि ज्यांनी नाही केलं त्या दोघींची वर्षानुवर्षं नोंद ठेवायची आणि ती शहाणपणाने वाचायची. दीर ज्याला ऑब्झर्व्हेशनल म्हणतात तो निरीक्षणाचा पुरावा हाच.

खरं तर बीआरसीएची सगळी कहाणीच अशा नोंदींतून उभी राहिली आहे. पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ साली आपल्या बायकोच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोण कोण कॅन्सरने गेलं याची वंशावळ छापली. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली २३ घराण्यांच्या अभ्यासातून दाखवलं, की हा दोष सतराव्या गुणसूत्रावर कुठेतरी आहे. १९९४ मध्ये ते जनुक हाती लागलं. यात कुठेही कुणाला गोळी आणि कुणाला साखरेची पुडी दिलेली नाही. दिरांचा नियम लावायचा तर तुमच्यात दोष आहे आणि त्याने धोका वाढतो, हेही अमान्य करावं लागेल.

धोका किती, याचा आज सर्वांत भरवशाचा आकडा २०१७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा मानतात. ९,८५६ वाहक, म्हणजे असा दोष असलेल्या, बायकांच्या या समूहात ज्यांना कॅन्सर झालेला नव्हता त्यांचा पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बीआरसीए-१ असलेल्यांमध्ये ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका ७२ टक्के आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा ४४ टक्के निघाला. सर्वसाधारण बाईला ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका शंभरात एकीच्या आसपास असतो. बीआरसीए-१ मध्ये तो चाळिशीपर्यंत थोडाच असतो आणि पुढे चढत जातो, म्हणून ३५ ते ४० या वयात, मुलंबाळं झाली असतील तर, ऑपरेशन सुचवतात. तुमच्या डॉक्टरांनी वय काही घाबरवायला सांगितलेलं नाही.

आता ऑपरेशनचा फायदा. २०१४ साली टोरांटोच्या संशोधकांनी अनेक देशांतल्या ५,७८३ वाहक बायकांची माहिती मांडली. ओव्हरी काढलेल्यांमध्ये ओव्हरीचा, नळ्यांचा आणि पोटाच्या पडद्याचा कॅन्सर मिळून ८० टक्क्यांनी कमी आढळला. सत्तरीच्या आत कुठल्याही कारणाने मरण्याचं प्रमाणही ७७ टक्क्यांनी कमी दिसलं. हा दुसरा आकडा मी हात राखून घेते. ऑपरेशन करून घेणारी बाई बऱ्याचदा मुळातच धडधाकट असते, तिच्या घरात पैसा असतो, ती तपासण्या चुकवत नाही; तिचं जास्त जगणं सगळंच ऑपरेशनच्या नावावर लावता येत नाही. पहिला आकडा मात्र वेगळा आहे. जो अवयव अंगात नाही त्याला कॅन्सर होणार कसा, इतका सरळ त्यामागचा संबंध आहे. परिणाम लहानसहान नाही. आणि २००९ साली वेगवेगळ्या अभ्यासांची एकत्र बेरीज केली तेव्हाही आकडा याच्याच आसपास आला होता. ८० टक्क्यांचे ७० झाले तरी तुमचा निर्णय बदलत नाही. निरीक्षणाच्या पुराव्याला मी हाच प्रश्न विचारते: हा आकडा थोडा फुगलेला निघाला तर माझं पाऊल बदलेल का?

तुम्ही म्हणाल, ऑपरेशनऐवजी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी केली तर? या प्रश्नावर चिठ्ठी टाकून केलेली चाचणी आहे, आणि ती अवाढव्य आहे. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ दरम्यान २,०२,६३८ बायका त्यात घेतल्या. २०२१ साली शेवटचा निकाल आला: तपासण्या करूनही ओव्हरीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. त्या सर्वसाधारण धोक्याच्या, पन्नाशीपुढच्या बायका होत्या, हे खरं. पण तुमच्यासारख्यांमध्ये या तपासण्यांनी जीव वाचतात असंही कुणी दाखवलेलं नाही. दिरांना हा पेपर जरूर वाचायला द्या, त्यांना आवडेल.

'नळ्या' या शब्दावरून पुढे जाऊ नका, त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. पूर्वी फक्त ओव्हरीकडे लक्ष असे. धोका टाळण्यासाठी काढलेले अवयव पॅथॉलॉजिस्ट बारकाईने बघू लागले, तेव्हा २००१ साली नेदरलँड्समधल्या एका चमूला दिसलं की अशा बायकांच्या नळ्यांच्या अस्तरात कॅन्सरच्या वाटेवरच्या पेशी आहेत. पुढे बोस्टनच्या पॅथॉलॉजिस्टनी नळीचं ओव्हरीजवळचं झालरीसारखं टोक बारीक काप करून तपासायची पद्धत ठरवली. ज्याला आपण इतकी वर्षं ओव्हरीचा कॅन्सर म्हणत आलो त्यातला बराच भाग नळीत सुरू होतो, हे त्यातून स्पष्ट होत गेलं. कॅन्सरच्या उगमाबद्दलचा इतका मोठा समज निव्वळ नीट बघण्यातून बदलला. तुमच्यासाठी याचा अर्थ असा: ऑपरेशनआधी विचारा की काढलेल्या नळ्या या बारीक कापांच्या, म्हणजे 'सी-फिम' पद्धतीने तपासणार का. साध्या पद्धतीत एखाद-दुसरा काप घेऊन रिपोर्ट देतात आणि बारीकशी सुरुवात सुटू शकते.

आधी फक्त नळ्या काढायच्या आणि ओव्हरी काही वर्षांनी, म्हणजे पाळी लवकर जाणार नाही, असाही एक मार्ग अभ्यासला जातो आहे. नेदरलँड्समध्ये बायकांनी स्वतः दोन्हींतला एक मार्ग निवडला आणि आधी नळ्या काढलेल्यांचं रोजचं जगणं अधिक बरं राहिलं, हे २०२१ साली छापून आलं. पण त्याने कॅन्सर तितकाच टळतो का, याचं उत्तर यायला अजून वर्षं लागतील. तुमचं वय आणि आईचं वय बघता मी त्या उत्तरासाठी थांबायला सांगणार नाही.

एक खुलासा इथेच करते, कारण आपल्याकडे त्याची गरज आहे. हे 'पिशवी काढणं' नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, तेव्हापासून असा सल्ला ऐकला की बायका बिचकतात, आणि त्यांनी बिचकावंच. तुमच्या बाबतीत ओव्हरी आणि नळ्या काढायच्या आहेत. गर्भाशय काढणं हा वेगळा निर्णय आहे, त्याचं वेगळं कारण डॉक्टरांनी सांगितलं पाहिजे. ओव्हरी गेल्या की पाळी एका दिवसात जाते. अंगातून वाफा येणं, झोप उडणं, कोरडेपणा, पुढे हाडं ठिसूळ होणं, हृदयावर परिणाम, हे सगळं खरं आहे. स्तनाचा कॅन्सर झालेला नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोनचे उपचार घेता येतात. त्याबद्दल ऑपरेशनच्या आधी बोला. नंतर बोलू म्हटलं की राहून जातं.

आता डॉक्टरांची चुकलेली बाजू.

ओव्हरी काढल्याने स्तनाच्या कॅन्सरचा धोका निम्मा होतो, हे दहा-पंधरा वर्षं पाठ्यपुस्तकासारखं शिकवलं गेलं. मघाशी सांगितलेल्या २००९च्या बेरजेतही तेच आलं होतं. मग २०१५ साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी आपल्याकडच्या वाहक बायकांची माहिती घेतली आणि एक हुशारीचं काम केलं. तीच माहिती त्यांनी आधी जुन्या अभ्यासांच्या पद्धतीने मोजली. धोका झकास कमी झालेला दिसला. मग मोजणीतल्या चुका काढून पुन्हा मोजली. फायदा नाहीसा झाला. दोन गटांचं गुणोत्तर १.०९ आलं, म्हणजे फरक नाही.

चुका कुठल्या ते समजून घेण्यासारखं आहे. समजा एका बाईची तपासणी ३५व्या वर्षी झाली आणि ऑपरेशन चाळिसाव्या. मधली पाच वर्षं तिच्या अंगात ओव्हरी होत्या आणि तिला कॅन्सर झाला नाही. ही पाच निरोगी वर्षं 'ऑपरेशन न केलेल्या' खात्यात जमा व्हायला हवीत. जुन्या हिशोबात ती कुठेच धरली नव्हती. त्यामुळे ऑपरेशन न केलेल्यांचं खातं होतं त्याहून वाईट दिसलं. दुसरी चूक अशी, की पुष्कळ बायकांची जनुक तपासणी मुळात स्तनाचा कॅन्सर झाला म्हणूनच होते. अशा बायका आपोआप 'ऑपरेशन न केलेल्या' बाजूला जाऊन बसतात, कारण कॅन्सर आधी झाला, दोष नंतर कळला, ऑपरेशनचा प्रश्नच तोवर आला नव्हता. त्यांना मोजणीत घेतलं की ऑपरेशन फारच गुणकारी वाटायला लागतं. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, टोरांटोच्याच मोठ्या समूहात पुन्हा पाहिलं गेलं आणि तिथेही एकंदरीत फायदा दिसला नाही. बीआरसीए-२ असलेल्या, पन्नाशीच्या आतल्या बायकांत थोडा असावा असं दिसलं. तुमचा दोष बीआरसीए-१ मधला आहे.

तुमच्या डॉक्टरांवर रागावू नका. जुना आकडा अनेक वर्षं मार्गदर्शक सूचनांत होता आणि एकदा डोक्यात बसलेला आकडा लवकर उठत नाही. पण या आकड्यावर विसंबून एमआरआय सोडू नका, हे मी अगदी ठासून सांगते. तुमच्या वयाला वर्षातून एकदा स्तनांचा एमआरआय आणि एकदा मॅमोग्राफी, ओव्हरी काढल्या तरीही. खर्चाची अडचण असेल तर धर्मादाय किंवा सरकारी कॅन्सर केंद्रात चौकशी करा. स्तन काढून घेणं हाही एक मार्ग आहे आणि त्याने धोका फार मोठ्या प्रमाणात घटतो. पण ती निवड आहे, घाईचं काम नाही.

तर दिरांना सांगा: अभ्यास ऑब्झर्व्हेशनल आहे का, हा पहिला प्रश्न आहे, शेवटचा नाही. त्यापुढे विचारायचं, मोजायला कधीपासून सुरुवात केली? निरोगी वर्षं कुणाच्या खात्यात गेली? ऑपरेशन करणाऱ्या आणि न करणाऱ्या बायका आधीपासूनच वेगळ्या होत्या का? डेटाचं काम करणाऱ्या माणसाला हे प्रश्न जमतील. एका दमात सगळे पेपर बाजूला सारणं त्यापेक्षा सोपं होतं, इतकंच.

औषधांच्या बाबतीत मी स्वतः इतकी उदार नाही, हेही त्यांना सांगा. बीआरसीएचा दोष असलेल्या आणि स्तनाचा कॅन्सर झालेल्यांना ऑपरेशन, केमोनंतर वर्षभर ओलापॅरिब हे औषध द्यावं की नाही, हे ठरवायला १,८३६ रुग्णांची रँडमाइज्ड चाचणी झाली. २०२१ च्या निकालात तीन वर्षांनी कॅन्सर न उलटलेल्यांचं प्रमाण औषध घेतलेल्यांत ८५.९ टक्के आणि न घेतलेल्यांत ७७.१ टक्के होतं. गोळी आणि बनावट गोळी यांत चिठ्ठी टाकता येते, तर टाकलीच पाहिजे. तिथे 'आमच्या रुग्णांना बरं वाटलं' हे मला चालत नाही.

काही जनुकीय दोष मात्र इतके दुर्मीळ असतात की दोन गट करायला माणसंच मिळत नाहीत. लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली ती जेमतेम ५५ रुग्णांवर, चार महिन्यांच्या बाळापासून ७६ वर्षांच्या माणसापर्यंत. तुलनेला दुसरा गट नव्हता. पण चारांतल्या तिघांच्या गाठी ठळकपणे आकसल्या, आणि असा कॅन्सर आपणहून आकसत नाही. अशा औषधांचं खरं आयुष्य मान्यतेनंतर सुरू होतं. नेहमीच्या दवाखान्यांत ते घेणाऱ्यांच्या नोंदी ठेवल्या तरच कळतं की परिणाम किती टिकतो आणि दुष्परिणाम काय.

आणि निरीक्षणाचा हिशोब दर वेळी फायद्याच्याच बाजूला झुकतो असंही नाही. अमेरिकेत फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या ५,६८८ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली आला. ज्यांच्या गाठीची जनुक तपासणी विस्ताराने केली त्यांच्यातले ४९.२ टक्के वर्षभरात गेले. ज्यांची नेहमीची दोन जनुकंच तपासली त्यांच्यातले ३५.९ टक्के. तपासणीने माणसं मरतात का? अर्थातच नाही. मोठी तपासणी बहुधा त्यांचीच झाली ज्यांच्या साध्या तपासणीत काही सापडलं नाही, किंवा ज्यांच्यासाठी दुसरे उपाय संपत आले होते. संशोधकांनी ही तफावत काढून टाकायची पद्धत वापरली तेव्हा दोन गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. त्या अभ्यासातली मला जास्त बोचलेली गोष्ट वेगळीच आहे: विस्ताराने तपासणी झालेल्यांपैकी फक्त ४.५ टक्के रुग्णांना तिच्यात सापडलेल्या नव्या गोष्टीवरून औषध मिळालं. लाखभर रुपयांची तपासणी घ्यायला सांगणाऱ्याला हा प्रश्न विचारायला हवा, की काही निघालं तर त्यावरचं औषध इथे मिळतं का आणि मला परवडेल का.

आता एक त्रुटी, जी तुमच्या दिरांनी पकडली नाही. मघाचे ७२ आणि ४४ टक्के कुठल्या बायकांचे? मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाकडच्या घराण्यांचे. कुणाला गोळा केलं यावर आकडा हलतो. सुरुवातीला, जिथे खूप जणींना कॅन्सर झालाय अशीच घराणी घेतली होती, तेव्हा स्तनाच्या कॅन्सरचा धोका ८० टक्क्यांच्या वर सांगत. मग १९९७ साली वॉशिंग्टन परिसरातल्या ५,३१८ ज्यू स्वयंसेवकांना, घरात कॅन्सर असो नसो, तपासलं. सत्तरीपर्यंतचा धोका ५६ टक्के आला. जनुक तेच, निवड वेगळी. तुमच्या घरी आई आणि मावशी दोघींना कॅन्सर झाला आहे, तेव्हा तुम्ही वरच्या आकड्यांच्या जवळ असाव्यात असं मी धरून चालते. पण सांगली-कोल्हापूरच्या बायकांचा, आपलं खाणं, आपली बाळंतपणं, आपलं आयुर्मान धरून काढलेला आकडा अजून आपल्या हातात नाही. कामं सुरू झाली आहेत. मद्रासच्या आयआयटीने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतातल्या ४८० स्तन-कॅन्सर रुग्णांच्या जनुकांची माहिती खुली केली. पुण्याची इंडियन कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस ही संस्थाही त्याच खटपटीत आहे.

तुमच्या मावसबहिणीचा 'व्हीयूएस' हा याच तुटपुंज्या माहितीचा परिणाम आहे. जनुकात एक बदल दिसलाय, पण तो घातक की निरुपद्रवी हे सांगण्याइतक्या बायका अजून नोंदल्या गेलेल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या लोकांची नोंद जगाच्या साठ्यांत कमी, म्हणून आपल्या रिपोर्टांत हा शेरा जास्त येतो. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेच्या २००६ ते २०१६ च्या नोंदी तपासल्या तेव्हा असे जे बदल पुढे नक्की ठरवता आले, त्यांतले ९१ टक्के निरुपद्रवी निघाले. या शेऱ्यावरून ऑपरेशन करायचं नाही, कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं. तिच्या रिपोर्टमधली मोठी बातमी दुसरीच आहे: घराण्यातला बीआरसीए-१ चा दोष तिच्यात नाही. तिच्या वडिलांकडे कॅन्सर नसेल तर तिचा धोका बाकी बायकांसारखाच मानतात. हे तिला कुणी नीट सांगितलंय का? तिने एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला विचारावं की शेरा बदललाय का. त्या आपणहून कळवतीलच असं नाही.

रजिस्ट्रीचा, म्हणजे तुमच्यासारख्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवणाऱ्या यादीचा फॉर्म: माझं मत सही करा. वर जे आकडे सांगितले त्यांतले बरेचसे अशाच फॉर्मांवर सही केलेल्या बायकांमुळे आहेत. पण वाचून करा. नाव काढून सांकेतिक क्रमांक देणार का, माहिती कंपन्यांना देणार का, ती विमा कंपनीकडे जाणार नाही असं लिहिलंय का, मधेच बाहेर पडता येईल का, हे बघा. बाहेर पडायची मुभा असलीच पाहिजे आणि त्याचा तुमच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. जनुकांवरून विम्यात भेदभाव करू नये असा अमेरिकेत २००८ पासून आरोग्यविम्यापुरता का होईना कायदा आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून हे कलम शोधायला सांगते. सही केलीत तर दरवर्षी येणारा त्यांचा फोन घ्या आणि नंबर बदलला तर कळवा. मधेच गायब झालेल्या बाईला कॅन्सर झाला की नाही हे कळत नाही, आणि अशा बायका वाढल्या की अभ्यासाचं उत्तरच बिघडतं.

मुलीची तपासणी आत्ता नको. हा दोष तिच्यात येण्याची शक्यता निम्मी आहे, पण चौदाव्या वर्षी कळून करण्यासारखं काहीच नसतं, नुसती धास्ती राहते. ती अठराची झाल्यावर तिला समजावून सांगा आणि तपासणी करायची की नाही, केव्हा करायची, हे तिला ठरवू द्या. सासूबाईंना सांगायचं तर डॉक्टरांचं नाव पुढे करा, ते सोपं जाईल.

भावाला मात्र यात ओढाच. आईकडून तो दोष त्याला येण्याची शक्यता तुमच्याइतकीच होती. पुरुषांना त्याचा त्रास कमी होतो, पण तो त्याच्या मुलामुलींना देऊ शकतो, आणि 'हा आजार बायकांचा' म्हणून अशी घराण्यातली अर्धी बाजू कायम अंधारात राहते. त्याला तुमच्या रिपोर्टची प्रत पाठवा. तुमचा नेमका दोष माहीत असल्यामुळे त्याला मोठी महागडी तपासणी करावी लागणार नाही, तेवढ्या एका जागेची केली तरी पुरते.